इतवारीच्या गादीवाल्यानं शिवलेले बेस ट्रॅप

नागपुरात त्रिमूर्तीनगरातल्या फ्लॅटमधली माझी ऐकायची खोली 12 बाय 10 फूट. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा ऐकायला बसावं, तर नुसती ढबढब. खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली, अन् 12 फुटांच्या लांबीत 47 हर्ट्झच्या आसपासचा आवाज नेमका भिंतीपाशीच फुगतो. आधी ऑनलाइन दोन इंची फोम मागवून चिकटवला. टाळीचा पडसाद गेला, बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, जागचा हलला नाही. पैसे पाण्यात.

मग बेस ट्रॅप, म्हणजे हा जादा बेस शोषून घेणारे जाड पॅनेल, शिवून घ्यायला इतवारीतला एक गादीवाला गाठला. लाकडी चौकट, आत 48 डेन्सिटीची (घनमीटरला 48 किलो) रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, सहा इंच, वरून सुती कापड. "भाऊ, यावर झोपणार कोण?" त्याचा पहिला प्रश्न. चार नग केले, चारही कोपऱ्यांत उभे केले. शिवण झकास, एक चौकट तिरपी निघाली, ती कुरकुर न करता बदलून दिली.

फरक? शंभर हर्ट्झच्या वरचा गिचका बराच सुटला, डग्ग्यावरची मींड, म्हणजे घसरत जाणारा सूर, आता वेगळी कळते. 47 वर मात्र फारसा नाही. त्यासाठी खुर्चीच भिंतीपासून साडेचार फूट पुढे ओढली, फुकटात. बायको अजून विचारते, कपडे वाळवायचा स्टँड ठेवू कुठे? अन् मे महिन्यात कूलर सुरू झाला, की ऐकायचं काय, कपाळ!