‘इंग्लिश ग्रामर इन यूज’: निर्धारक आणि सर्वनामांपुरते परीक्षण

रेमंड मर्फी यांच्या या पुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीत ८२ ते ९१ हे धडे सर्वनामे आणि निर्धारक (नामापूर्वी येऊन ते कोणते किंवा किती हे सांगणारे शब्द) यांना एकत्रच दिले आहेत, आणि ते योग्यच आहे. कारण ‘सम’, ‘एनी’, ‘बोथ’, ‘ईच’ हे शब्द नामापूर्वी निर्धारक असतात व एकटे आले की सर्वनामाचे काम करतात, मात्र ‘एव्हरी’ला एकटे उभे राहता येत नाही आणि ‘नो’च्या जागी ‘नन’ घ्यावे लागते. ‘मोस्ट पीपल’ आणि ‘मोस्ट ऑफ देम’ यांतला फरक (आपल्याकडे ‘मोस्ट ऑफ पीपल’ असे चुकीचे रूप सर्रास ऐकू येते) डाव्या पानावर नेमका उलगडतो आणि उजवीकडे लगेच सराव मिळतो. ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ ही रचना मात्र थोडक्यात उरकली आहे. अगदी नवशिक्यांना हे पुस्तक जड जाईल.