आर्डबेग १०: पैसे नेमके कशाचे?

पीटेड सिंगल माल्ट, म्हणजे पीटच्या (दलदलीतल्या मातीसारख्या इंधनाच्या) धुराची चव असलेली, एकाच डिस्टिलरीतली माल्ट व्हिस्की घेताना लोक दोन आकड्यांना भुलतात, पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) आणि वय. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या आर्डबेग डिस्टिलरीचा माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) साधारण ५५ पीपीएमचा. पण हे मोजमाप पीटच्या धुरावर वाळवलेल्या बार्लीतल्या फिनॉलचं (धुराचा वास देणाऱ्या घटकांचं), बाटलीतल्या व्हिस्कीचं नव्हे. पुढे मॅशिंग (माल्ट गरम पाण्यात भिजवणं) आणि डिस्टिलेशनमध्ये त्यातलं बरंच गळतं. शिवाय डिस्टिलेशनमध्ये धुराचे जड घटक उशिरा उतरतात, म्हणून धार कुठे तोडली, म्हणजे उतरणारी दारू कुठपर्यंत ठेवली, याला महत्त्व. पिंपात वर्षं जातील तसा धूर मवाळच होतो. धूरच हवा असेल तर वयाचे जादा पैसे मोजणं हा उलटा व्यवहार.

दहा वर्षांच्या आर्डबेगच्या बाटलीवरचा कामाचा आकडा आहे ४६ टक्के अल्कोहोल. ७०० मिलीत ३२२ मिली शुद्ध अल्कोहोल. ब्रिटनमध्ये आयलाचीच दुसरी पीटेड व्हिस्की लाफ्रॉइग १० चाळीस टक्क्यांची मिळते, म्हणजे २८० मिली. आर्डबेगमध्ये पाणी घालून ती ४० वर आणली तर ८०५ मिली होईल. थोडक्यात, १५ टक्के महाग असली तरी हिशेब बरोबरीतच सुटतो. आणि पाणी किती घालायचं हे आपल्या हातात राहतं, हा वरचा नफा.

चाखताना तोंडाशी निमुळता ग्लास आणि २५-३० मिली पुरे. दहा मिनिटं तशीच ठेवा. नाक ग्लासात खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवून वरवर हुंगा. नाहीतर पहिल्या दमात फक्त डांबर आणि आयोडीन लागतं आणि नाक तिथेच थकतं. सावकाश घेतलं की धुराखालून लिंबाची साल, व्हॅनिला, धान्याचा गोडवा वर येतो. घोटात काळी मिरी आणि काजळी, शेवटी कडक कॉफीसारखा कडवटपणा बराच वेळ रेंगाळतो. ३० मिलीत अर्धा चमचा पाणी घातलं की ती साडेबेचाळीसच्या आसपास येते. लिंबू सगळ्यात स्पष्ट तिथे लागतं. पूर्ण चमच्याला ती चाळिसाच्या खाली घसरते आणि राखच उरते. बर्फाने तर गोडवा दबतो, कडवटपणा तेवढा राहतो. गार पाण्याने ती गढूळ दिसली तर भेसळीची शंका नको. चिल फिल्ट्रेशन (थंड करून गाळणं) केलेलं नाही, म्हणून एस्टर्स हे तेलकट घटक दिसू लागतात. अनेक व्हिस्कींची रांग लावणार असाल तर हिला शेवटी ठेवा, हिच्यानंतर शेरी (स्पॅनिश वाइन) पिंपातली नाजूक व्हिस्की कळणारच नाही.

आर्डबेगच्या वयाचा उल्लेख नसलेल्या मर्यादित आवृत्त्यांवर दुप्पट पैसे घालण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. जास्त खर्चायचेच तर आर्डबेगचीच ५४.२ टक्क्यांची ऊगदाल घ्या. त्यात शेरी पिंपांचा मनुकेदार गोडवा खरोखर वेगळा आहे.

बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवल्यास बूच खराब होतं. एक तृतीयांशाखाली आली की लहान बाटलीत भरा. हवेने आधी लिंबू जातं, मग धूरही सपाट होतो.