गाईंची घरपोच कृत्रिम रेतन सेवा, मुरबाड (जि. ठाणे) : दोन वर्षं वापरल्यावरचा अनुभव

आमचा गोठा सरळगावच्या बाजूला आहे, तीन एचएफ क्रॉस (होल्स्टीनच्या संकरित गाई) आणि दोन डांगी (आपल्याकडची देशी जात), त्यातली एक म्हसा गावच्या जत्रेतून आणलेली. गोठ्याचं सगळं मी आणि सासूबाईच बघतो म्हणून हा रिव्ह्यू मीच लिहितेय.

आधी जे गाय भरायला (रेतन करायला) यायचे त्यांचं नाव घेत नाही, पण कांडी (गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी) खिशातून काढायचे. माज (गाय फळायला तयार असल्याची लक्षणं) कधी दिसला हे कधी विचारलं नाही, आले, भरली, पैसे घेतले, गेले. त्यात आमची मोठी क्रॉस कपिला तीनदा उलटली, म्हणजे भरूनही गाभण न राहता परत माजावर आली. एकदा उलटली की 21 दिवस गेले, तीनदा म्हणजे 63 दिवस, आणि भाकड गाईला पण दिवसाला दीडशे रुपयांची वैरण-पेंड लागतेच, म्हणजे साडेनऊ हजार गेले आणि दुधाचा थेंब नाही. सासूबाई तर गाय विकायला निघाल्या होत्या.

मग शेजारच्यांनी या सेवेच्या डॉक्टरांचा नंबर दिला. फोनवर पहिला प्रश्न, "ताई, माज कधी दिसला?" सकाळी दिसला तर संध्याकाळी येतात, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, कारण म्हणे माज संपल्यावर दहा-बारा तासांनी अंडं सुटतं, फार आधी किंवा फार उशिरा भरून उपयोग नसतो. बळस (माजात गाईच्या अंगावरून जाणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ आहे का बघतात, गढूळ असेल तर भरतच नाहीत, आधी गर्भाशयाचा इलाज. कांडी आपल्या डोळ्यासमोर नायट्रोजनच्या कंटेनरमधून निघते (आत उणे 196 डिग्री असतं!), थर्मामीटर लावून 37 डिग्रीच्या कोमट पाण्यात 30 सेकंद, पुसून कोरडी करून मग भरायच्या गनमध्ये (लांब नळीत). कपिलाचं त्यांनी आधी अंग बघितलं, बरगड्या दिसत होत्या, म्हणाले व्यायल्यावर दूध जोरात निघतं पण खाणं तेवढं पुरत नाही, मग गाय अंगातलं ओढून दूध देते आणि माज नीट येत नाही. रोज 50 ग्रॅम मिनरल मिक्स्चर नि खुराक वाढवायला सांगितला, एक माज मुद्दाम सोडला, आणि पुढच्याला पहिल्याच कांडीत फळली, गाभण राहिली.

पण माझा खरा विश्वास बसला तो त्यानंतर. भरून 64 दिवस झाले होते आणि कपिला संध्याकाळी दुसऱ्या गाईवर उडायला लागली, मला वाटलं परत उलटली, रडूच आलं. डॉक्टर आले, डायरीत तारीख बघितली, हात घालून तपासलं आणि म्हणाले गाभण आहे, काही गाई गाभण असतानाही माज दाखवतात, आता गन घातली असती तर गर्भ पडला असता. कांडीचे पैसे घेतले नाहीत, फक्त तपासणीचे दोनशे. वेळेवर व्यायली, कालवड झाली.

डांगीची गोष्ट वेगळीच. क्रॉसची कालवड नीट वाढवली तर अडीच-तीन वर्षांत वितेसुद्धा, आमच्या डांगीला पहिलं वेत यायला चार वर्षं लागली. आणि माज असा मुका की ओरडणं नाही, उडणं नाही, रात्रीच येतो आणि दुपारपर्यंत गेलेला. दोन माज आम्हाला कळलेच नाहीत. डॉक्टरांनीच सांगितलं रात्री दहाला आणि पहाटे पाचला बॅटरी घेऊन शेपटीखाली बघत जा, तेव्हा सापडला. पण आमच्या पावसात हीच टिकते, अंगाला तेलकटपणा असतो त्यामुळे पाणी निथळून जातं, क्रॉसवाल्यांचे खूर मात्र श्रावण संपेपर्यंत आम्ही धुतच असतो. त्या दिवशी त्यांच्याकडे डांगीची कांडी नव्हती, गीर होती, जर्सी होती. मी म्हटलं भरून टाका गीरची, दूध तरी वाढेल. ते म्हणाले एक माज थांबा, आपल्या भागातली जात आहे, मिसळली की परत मिळणार नाही. 21 दिवसांनी डांगीची कांडी घेऊन स्वतः आले. असं हातचं गिऱ्हाईक थांबवणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता.

तक्रारी पण सांगते. रविवारी फोन लागत नाही, आणि गाय काही वार बघून माजावर येत नाही. मागच्या जुलैत नायट्रोजन संपला म्हणून आठवडाभर सेवा बंद होती, आमचा एक माज वाया गेला, तेव्हा निदान आदल्या दिवशी मेसेज तरी टाकायला हवा होता. दर कांडीला तीनशे, सरकारी दवाखान्यापेक्षा जास्त आहे पण घरी येतात, आणि दोन-अडीच महिन्यांनी गाभण तपासणीची आठवण स्वतः फोन करून देतात.

पाचपैकी साडेचार देतेय, अर्धा रविवारचा कापला. डांगी माघात भरलीय, डॉक्टरांनी 280 दिवस मोजून गोठ्यातल्या कार्डावर दिवाळीच्या आसपासची तारीख लिहून ठेवलीय, व्यायली की इथेच फोटो टाकते.