जुन्या व्हॅनचे मोठे एस्टिमेट: कंपनीत करावे, गॅरेजात करावे की गाडीच बदलावी?

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त निघाला तर ती विकून टाका, हा सल्ला म्हापशापासून काणकोणपर्यंत कुणीही फुकट देतो. घरच्या गाडीला तो ठीक आहे. पण ज्या मारुती ईको व्हॅनच्या जिवावर तुमचे केटरिंग, एसी दुरुस्ती किंवा मंडपाचा धंदा चालतो, तिला बाजारात किती मिळतील हा प्रश्न नंतरचा. ती उद्या उभी राहिली तर तिच्या जागी काय आणणार आणि त्याचा महिन्याला किती भार पडणार, ते आधी मांडा.

समजा एस्टिमेट ७०,००० रुपयांचे आहे. नवी गाडी घ्यायची म्हटली आणि पाच लाखांचे कर्ज १० टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले, तर हप्ता साधारण १०,६०० रुपये बसतो. पाच वर्षांत नुसत्या व्याजापोटी १,३७,००० च्या आसपास जातात. तोवर गाडीची किंमत निम्मी झाली असे धरा, म्हणजे आणखी अडीच लाख गेले. दोन्ही मिळून महिन्याला साडेसहा हजारांच्या जवळपास. याचा अर्थ, सत्तर हजार घालून जुनी गाडी दुसऱ्या मोठ्या खर्चाशिवाय अकरा महिने चालली की दुरुस्तीचे पैसे वसूल झाले. नव्या गाडीचा विमा जास्त पडतो, जुनी पेट्रोल जास्त पिते. त्यांची एकमेकांत वजाबाकी होते असे मी धरतो. आकडे तुमचे घाला, पद्धत हीच ठेवा.

मग प्रश्न एवढाच उरतो: गाडी ते अकरा महिने काढेल का? बाहेरगावचे लोक याचे उत्तर इंजिनात शोधतात. गोव्यात ते पत्र्यात असते.

आधी खाली वाका

ओम्नी आणि ईको या मारुतीच्या व्हॅनना वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नसते. तळाचा पत्रा, बाजूचे सिल (दारांखालच्या पत्र्याच्या पट्ट्या) आणि खांब मिळून सगळा भार पेलतात. टाटा एसची रचना निराळी: खाली शिडीसारखी चासी आणि वर केबिन व हौदा. त्यामुळे एसच्या हौद्याला भोक पडले तर तुकडा जोडून काम भागते, चासी शाबूत असली म्हणजे झाले. ईकोचा सिल आतून खाल्ला गेला तर मात्र गाडीची कंबरच गेली.

कळंगुट-कांदोळीच्या बाजूला रोज उभी राहणारी गाडी आणि वाळपई-साखळीकडची गाडी एकाच वर्षी घेतलेल्या असल्या, तरी खालून बघितल्यावर त्यांचे वय सारखे वाटत नाही. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस, फेरीबोटीच्या उताऱ्यावर चाकांना लागणारे खाडीचे पाणी, हे सगळे साठत जाते. मासळीची ने-आण करणाऱ्या गाडीची तर गोष्टच वेगळी. बर्फ वितळून खारे पाणी रबरी मॅटखाली मुरते आणि पत्रा आतून भुगा होतो. वरून रंग चकचकीत असतो.

तपासायला खर्च नाही. गाडी रॅम्पवर घ्यायला सांगा, मॅट उचला, आणि जाड स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा: सरकत्या दाराखालचा सिल, बॅटरीची बैठक, पुढच्या सीटखालची जमीन, मागच्या सस्पेन्शनचे जोड, जॅक लावायच्या जागा. चांगला पत्रा टणक वाजतो, कुजलेला बद्द. टोकाने दाबून आत गेले तर मग बोलायला काही उरत नाही. काळे अंडरकोटिंग ताजे दिसले तर जास्त संशय घ्या. ते गंजावर मारले की गंज आत सुखाने वाढतो.

माझे मत सरळ आहे. सस्पेन्शनच्या जोडाशी किंवा सिलमध्ये पत्रा गेलेल्या ईकोचे इंजिन बांधू नये, कितीही स्वस्तात कुणी करून देत असला तरी. उलट पत्रा ठणठणीत असेल तर इंजिनाच्या आकड्याला घाबरायचे कारण नाही. इंजिन पुन्हा बांधता येते.

कंपनीचे वर्कशॉप आणि ओळखीचे गॅरेज

दोन एस्टिमेटांत वीस-पंचवीस हजारांचा फरक आला की आपण पहिल्याला लुटारू ठरवतो. जरा थांबून दोन्ही कागद ओळीने वाचावेत. ओरिजनल सुट्या भागाच्या खोक्यावर एमआरपी छापलेली असते. तोच भाग कंपनीच्या काउंटरवर घ्या की मडगावच्या दुकानात, छापील किमतीत फरक नसतो. खरा फरक दोन ठिकाणी पडतो: मजुरीत, आणि काय बदलायचे हे ठरवण्यात.

कंपनीचे वर्कशॉप अख्खा सुटा भाग बदलते. चार्जिंग होत नाही, मग पूर्ण अल्टरनेटर. सेल्फ अडतो, मग पूर्ण सेल्फ. गॅरेजमधला इलेक्ट्रिशियन तोच अल्टरनेटर उघडून कार्बन ब्रश, बेअरिंग किंवा डायोडची प्लेट बदलतो आणि कितीतरी कमी पैशांत गाडी हातात देतो. दहा वर्षांच्या गाडीला दुसरी रीत पुष्कळदा पुरते. पण ब्रेकच्या बाबतीत मी ही काटकसर करणार नाही. मास्टर सिलिंडरचे नुसते किट बदलून घाटात उतरायचे, ते चोर्ल्याच्या वळणांवर महागात पडू शकते.

बीएस ६ या प्रदूषण-मानकाची, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची गाडी असेल आणि दोष सेन्सरचा किंवा वायरिंगचा असेल, तर तराजू कंपनीकडे झुकतो. चांगला स्कॅनर नसलेले गॅरेज एकेक सेन्सर बदलून बघते आणि त्या प्रयोगांचे पैसे तुमच्या बिलात येतात. ओम्नीचे याच्या अगदी उलट. तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, पण इंजिन मारुती ८०० चेच ७९६ सीसीचे. गोव्यातल्या कुठल्याही जुन्या फिटरचा हात त्यावर बसलेला आहे. तिच्यासाठी कंपनीत जाण्यात काही अर्थ नाही.

एक गोष्ट कंपनीच्या बाजूने सांगायला हवी: पक्के बिल. गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली असेल आणि तुम्ही नियमित जीएसटी भरणारे एसी दुरुस्तीवाले असाल, तर दुरुस्तीवरचा १८ टक्के कर तुम्हाला स्वतः भरायच्या जीएसटीतून वळता करून घेता येतो. पाच सीटच्या प्रवासी ईकोवर ही सोय नाही, आणि कंपोझिशन योजनेत (उलाढालीवर ठोक दराने कर भरणारे) असलात तरीही नाही. पण ज्यांना मिळते त्यांनी कंपनीच्या आकड्यातून कर वजा करून मगच गॅरेजच्या कच्च्या चिठ्ठीशी तुलना करावी. कितीदा तरी अंतर निम्म्यावर येते.

"इंजिन काम" हे दोन शब्द

एस्टिमेटवर नुसते "इंजिन काम" लिहिलेले असेल तर सही करू नका. "बाब, उघडल्याशिवाय कसे सांगणार?" असे उत्तर मिळेल. ते अर्धेच खरे आहे. बरेच काही न उघडताही कळते.

सकाळी चालू करताना निळा धूर येतो आणि मग थांबतो, तर बहुधा व्हॉल्व्हचे ऑइल सील गेलेले असतात. ते काम हेडपुरते, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागापुरते. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की निळा धूर सतत येतो, तर रिंगांवर संशय घ्यावा. कॉम्प्रेशन टेस्ट करायला सांगा. एखाद्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी आले तर प्लगच्या भोकातून थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजतात: आकडा वाढला तर दोष रिंगांत किंवा बोअरमध्ये, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. रेडिएटरमध्ये बुडबुडे, पांढरा धूर, किंवा ऑइल दुधाळ झालेले दिसले तर हेड गॅस्केटकडे बघा, आणि हेड लेथवर फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवणार का ते विचारा. नुसते नवे गॅस्केट बसवून दिले तर वाकलेले हेड ते पुन्हा जाळते. टेस्टचे पैसे वेगळे मागितले तरी द्या.

एस्टिमेटमधल्या काही ओळी फुगवलेल्या वाटतात, पण नसतात. क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तेव्हा त्याच मजुरीत रिलीज बेअरिंग आणि क्रँकचे मागचे सील बदलणे शहाणपणाचे. हेड उघडले आहे तर व्हॉल्व्ह सीलही त्यातच. सीट कव्हर, पॉलिश, "जनरल चेकअप" अशा ओळी मात्र बिनदिक्कत खोडा. शॉकअप आणि बुश दोन महिन्यांनी केले तर चालेल का, ते विचारून वेगळे काढा. सत्तर हजारांचे पंचावन्न असेच होतात. जुने भाग परत द्यायची अट आधीच घाला.

तयार इंजिन

बेळगाव किंवा कोल्हापूरकडून वापरलेले इंजिन आणून बसवतो, असे कुणीतरी सुचवतेच. दोन दिवसांत गाडी उभी राहते आणि खर्च कमी, हे खरे. ऐन डिसेंबरात, हॉटेलांची ऑर्डर अंगावर असताना मोह होतो. पण त्या इंजिनाचा नंबर वेगळा असतो आणि तुमच्या आरसीवर जुना. तो आरटीओत नोंदवून घ्यावा लागतो, त्यासाठी इंजिन कुठून आले याचा कागद लागतो. हे टाळले तर फिटनेसच्या (आरटीओच्या योग्यता तपासणीच्या) वेळी किंवा विम्याच्या दाव्यात नंबर जुळत नाही आणि गाडी अडकते. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो, म्हणजे ही अडचण फार लांब नाही. शिवाय ते इंजिन आतून कसे आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. स्वतःच्याच इंजिनाचा ब्लॉक बोअर करून किंवा स्लीव घालून, नव्या पिस्टन-रिंगांसह बांधला तर नंबर तोच राहतो. आठवडा-दोन आठवडे जातात. मी त्यालाच पसंती देईन.

ते दिवस कधी काढायचे, हेही ठरवावे लागते. चवथीच्या तोंडावर इंजिन उघडायला देऊ नका. फिटर गावाला जातो, लेथवाला बंद, आणि तुमची गाडी तुकड्यांत पडून राहते. जून-जुलै बरा: पर्यटक कमी, मंडपाची कामेही नाहीत. मध्ये भाड्याची गाडी घ्यावी लागणार असेल तर तो खर्च दोन्ही एस्टिमेटांत मिळवा. "स्वस्त" गॅरेज तीन आठवडे लावत असेल तर ते स्वस्त राहत नाही.

बदलायचीच ठरली तर

पत्रा गेला असेल तर मोठा खर्च न करता पुढच्या फिटनेसपर्यंत चालवा आणि चालती गाडी विका. बंद पडलेल्या गाडीला भंगारवाल्याचाच भाव मिळतो, म्हणून चालू ठेवण्यापुरता किरकोळ खर्च परवडतो.

नवी की जुनी? सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा आणि १,२०० सीसीपर्यंतच्या छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नव्या ईकोचे अंतर थोडे कमी झाले आहे. सेकंडहँड घ्यायची तर घाटावरची गाडी मला जास्त आवडते, कारण तिचा पत्रा समुद्राने खाल्लेला नसतो. मात्र केए किंवा एमएच पासिंगची गाडी कायम इथे चालवायची तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि गोव्याचा रोड टॅक्स आलाच. भाव करताना ही रक्कम धरूनच बोला. "पुढे बघू" म्हणणाऱ्या दलालाला तिथेच थांबवा.

जुनी गाडी देताना मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून मोकळे होऊ नका, नाव बदलल्याची आरसी हातात येईपर्यंत मागे लागा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की अपघात झाला तर आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक धरला जातो. कर्ज फिटलेले असूनही आरसीवर बँकेचे नाव राहिले असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी देऊन ते गिऱ्हाईक बघायच्या आधीच काढून घ्या; ठरलेला सौदा त्यासाठी लटकतो आणि तेवढ्यात गिऱ्हाईक दोन-चार हजार आणखी पाडून मागते.