समतल उड्डाणाची शक्ती: एक भागाकार पुरतो की ड्रॅगचं गणित मांडावं?

विमान एका उंचीवर, एका वेगाने सरळ चाललंय. लागणारी शक्ती म्हणजे ड्रॅग (हवेचा मागे ओढणारा विरोध) गुणिले वेग, यात वाद नाही. प्रश्न आहे तो ड्रॅग कुठून आणायचा हा.

पहिली रीत भागाकाराची. समतल उड्डाणात लिफ्ट, म्हणजे पंखांचं वर उचलणारं बल, वजनाएवढीच असते, म्हणून वजनाला लिफ्ट-ड्रॅग गुणोत्तराने भागलं की ड्रॅग हाती येतो. १००० किलोचं विमान, वजन ९८१० न्यूटन, गुणोत्तर १२, वेग सेकंदाला ६० मीटर: उत्तर साधारण ४९ किलोवॅट. कागदाच्या कपट्यावर होतं.

गोम त्या १२ मध्ये आहे. माहितीपत्रकात छापतात ते सर्वोत्तम गुणोत्तर, आणि ते एकाच वेगाला मिळतं.

दुसऱ्या रीतीत ड्रॅगचे दोन भाग वेगळे काढतात. हवा कापण्याच्या भागाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. लिफ्टपायी येणाऱ्या प्रेरित ड्रॅगची वेग वाढला की उलट घटते. त्याच विमानाचे पंख १६ चौरस मीटर, शून्य-लिफ्ट ड्रॅग गुणांक (हवा कापण्याच्या भागाचा आकडा) ०.०३, आस्पेक्ट रेशो (पंख रुंदीच्या किती पट लांब) ७.५ आणि ऑस्वाल्ड गुणांक (लिफ्ट देण्यात पंख आदर्शाच्या किती जवळ) ०.७५ धरा. समुद्रसपाटीला, ६० मीटरच्या वेगाला पहिला भाग ६३.५ किलोवॅट खातो, दुसरा जेमतेम ९. बेरीज ७३ च्या आसपास! गंमत म्हणजे याच आकड्यांतून सर्वोत्तम गुणोत्तर १२च निघतं, पण ते ३७ मीटरच्या वेगाला. तिथे दोन्ही रीतींचं उत्तर जुळतं.

म्हणून इंजिन निवडायचं असेल तर मी दुसरीच रीत धरेन. उंचीवर हवा विरळ झाल्याचा परिणामही तिच्यातच दिसतो. मात्र ०.०३ हा आकडा अंदाजाने टाकला, तर उत्तरही अंदाजाचंच राहणार. चाकं, स्ट्रट (आधाराचे दांडे), अँटेना, सगळं त्यात येतं. नुसतं तुलनेपुरतं उत्तर हवं असेल, तर भागाकार पुरे. फक्त गुणोत्तर त्या वेगाचं घ्या.

विमान तयारच असेल तर तिसरी सोय आहे. इंजिन मंद ठेवून त्याच वेगाने घसरू द्या आणि सेकंदाला किती मीटर उतरतं ते मोजा. गुणिले वजन, झाली शक्ती. वाऱ्याने फिरणारा प्रोपेलर थोडा जास्तीचा ड्रॅग देतो, तेवढं उत्तर फुगतं.

कुठलीही रीत घ्या, शेवटी प्रोपेलरच्या कार्यक्षमतेने भागायला विसरू नका. ती ०.८ धरली तर वरच्या ७३ किलोवॅटसाठी इंजिनाने ९१, म्हणजे सुमारे १२२ अश्वशक्ती द्यायला हवी. वर चढायचं असेल तर त्याची शक्ती आणखी वेगळी.