‘राखीव निधी ११० टक्के’ म्हणणाऱ्या क्रिप्टो एक्स्चेंजचा अनुभव

ज्या क्रिप्टो एक्स्चेंजमध्ये, म्हणजे बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी घेण्या-विकण्याच्या बाजारात, माझे चार लाख रुपये अडकले आहेत, त्याच्या ॲपवर आजही हिरव्या ठशात ‘राखीव निधी ११० टक्के’ (म्हणजे ग्राहकांच्या जमेहून दहा टक्के जास्त) ही ओळ दिसते आणि त्याच पडद्यावर पैसे काढण्याची माझी विनंती ‘प्रक्रियेत आहे’ म्हणून पडून आहे. त्यांचे एजंट नाशिकमध्ये अजून फिरत आहेत, म्हणून हा आकडा कसा तयार होतो ते लिहीत आहे.

मी नोकरीभर एका पतसंस्थेत हिशेब लिहिले. त्यामुळे २०२४ च्या सुरुवातीला गंगापूर रोडवर झालेल्या त्यांच्या बैठकीत मी पहिला प्रश्न तोच विचारला, की सगळ्यांनी एकदम पैसे मागितले तर काय? एजंट हसून म्हणाला, “काका, बँक तरी सगळे पैसे तिजोरीत कुठे ठेवते? रिझर्व्ह बँक साडेचार टक्केच ठेवायला सांगते, आम्ही एकशे दहा ठेवतो.”

उत्तर बिनतोड वाटते, पण त्यात मोठी गफलत आहे. साडेचार टक्के हा त्या वेळचा सीआरआर, म्हणजे ठेवींचा जो हिस्सा बँकेने रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवायचा तो. त्याखेरीज बँकेला ठेवींचा आणखी १८ टक्के हिस्सा (एसएलआर) मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो, उरलेल्या पैशाचा बराच भाग कर्जाऊ दिलेला असून त्याच्यावर व्याज येत असते, अडचणीच्या वेळी रिझर्व्ह बँक उसने देऊ शकते आणि बँक बुडालीच तर ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते (पतसंस्थेच्या ठेवीदाराला तेही नाही, हे मी जाणून आहे). क्रिप्टो एक्स्चेंजच्या मागे यातले काहीही उभे नसते. शिवाय ग्राहकाने बिटकॉइन तिथे सांभाळायला ठेवलेले असते, पुढे कर्जाने द्यायला नव्हे. म्हणून तिथे टक्केवारीची घासाघीस नको. ज्याचे जे नाणे, तेच आणि तितकेच नग शिल्लक असले पाहिजेत. जपानमध्ये २०२० पासून ग्राहकांची किमान ९५ टक्के क्रिप्टो इंटरनेटपासून तोडलेल्या कोल्ड वॉलेटमध्ये (वॉलेट म्हणजे नाण्यांचे डिजिटल खाते) ठेवावी लागते आणि जो भाग ऑनलाइन राहतो, त्याच्याइतकी त्याच प्रकारची स्वतःची क्रिप्टो कंपनीला वेगळी राखावी लागते. अशा व्यवस्थेत मोठी रक्कम मिळायला एखादा दिवस लागला तर ते समजण्यासारखे आहे, महिने लागले तर नाही.

आमच्या एक्स्चेंजचे ११० टक्के उलगडले, तेव्हा त्यांतला निम्म्याहून अधिक भाग त्यांनीच काढलेल्या नाण्याचा निघाला. त्याचा भावही त्यांच्याच ॲपवर ठरत होता. बाहेर ते नाणे कोणी घेत नव्हते. लोकांनी ठेवले होते बिटकॉइन आणि यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेले नाणे). हा प्रकार नवा नाही. एफटीएक्स या बड्या परदेशी क्रिप्टो एक्स्चेंजच्या भगिनी कंपनीच्या ताळेबंदात एफटीटी या घरच्याच नाण्याचा मोठा हिस्सा असल्याचे नोव्हेंबर २०२२ मध्ये बाहेर आले, तीन दिवसांत सुमारे ६ अब्ज डॉलर काढण्याच्या विनंत्या आल्या आणि ११ नोव्हेंबरला एफटीएक्सने दिवाळखोरीचा अर्ज केला.

‘राखीव निधीचा पुरावा’ म्हणून ते वॉलेटचे पत्ते दाखवत असत. पण तो पुरावा एका क्षणाचा असतो. त्या दिवसापुरती उसनी नाणी आणूनही तो उभा करता येतो. आणि समोर देणी किती, हे न सांगता केवळ जमा दाखवणारा कागद आमच्या संस्थेतल्या कोणत्याही लेखापरीक्षकाने परत पाठवला असता.

मी पैसे मागितल्यावर आधी ‘सर्व्हरचे काम’ निघाले, मग ‘३० टक्के कर आगाऊ भरा, म्हणजे रक्कम मोकळी होईल’ असा निरोप आला. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे हे खरे, परंतु तो आपण सरकारकडे भरतो. एक्स्चेंज विक्रीच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून घेते, वेगळे पैसे मागत नाही. ही मागणी आली की एक रुपयाही न भरता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तिथे बँकेचा यूटीआर क्रमांक (पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक), वॉलेटचा पत्ता आणि क्रिप्टो व्यवहाराचा हॅश (त्याचा ओळख क्रमांक) लागतो, त्यामुळे ॲप बंद पडण्याआधीच सगळे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत.

तक्रार केल्यानंतर मला ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, नोंदणी शुल्क पाच हजार’ असे फोन येऊ लागले. मी किती रक्कम भरली होती, हे त्या माणसाला रुपयापर्यंत ठाऊक होते.