होडीच्या ट्रॉलीला पिन की बॉल? दोन्ही वापरून झाल्यावर सांगतोय

ओळखीतल्या दोघांनी या सीझनला बोलेरोच्या मागे फायबरची होडी ओढायचं ठरवलंय आणि दोघांचाही प्रश्न एकच, मागे ट्रॅक्टरसारखा पिनचा हुक मारून घेऊ की बॉल, म्हणजे ज्यावर ट्रॉलीची पकड बसते तो लोखंडी गोळा, बसवू. माझ्याकडे आधी ३ वर्षं पिन होती, आता बॉल आहे. होडी १४ फुटी, इंजिन आणि ट्रॉली धरून ४५० किलोच्या आसपास, आणि जाणंयेणं बहुतेक गुहागर ते धोपावे, तिथून फेरीबोटीने दाभोळ. तुमचं ओझं किंवा रस्ता वेगळा असेल तर थोडं पुढेमागे धरा.

पिनबद्दल वाईट बोलवत नाही खरं तर. गावातला वेल्डर अर्ध्या दिवसात करून देतो, पिन हरवली तर हार्डवेअरच्या दुकानातून जाड बोल्ट आणून वेळ मारून नेता येते, आणि वाळूत रुतलात तर किनाऱ्यावरचा कुठलाही ट्रॅक्टर ट्रॉली तशीच उचलून बाहेर काढतो. बॉलला ही सोय नाही. खर्च म्हणाल तर मला बॉल, कपलर (बॉलवर बसणारी ट्रॉलीची पकड) आणि खालची ब्रॅकेट मिळून पिनच्या जवळपास तिप्पट पडलं.

पण ती खडखड. पिन आणि भोक यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते, नाहीतर ट्रॉली वळणार कशी, आणि खारं पाणी लागून, गंजून, घासून ती फट वाढतच जाते. मग ब्रेक मारला की मागून ठक, सोडला की परत ठक, स्पीडब्रेकरला तर दोनदा. वर्षभरात कानाला सवय झाली आणि तेच नडलं. एकदा मे महिन्यात धोपाव्याला फेरीतून उतरून गुहागरकडे चढ चढत होतो, नेहमीचीच खडखड चालू होती, आणि मागून आलेल्या एका बाईकवाल्याने जोरजोरात हात करून थांबवलं. उतरून बघतो तर डावं चाक तिरकं, चाकाच्या मधल्या हबला हात लावता येत नव्हता इतका तापलेला, ग्रीस वितळून रिमवर आलेलं. बेअरिंग आदल्या कितीतरी फेऱ्यांपासून घरघरत असणार, पण त्या ठकठकीत मला ते ऐकूच आलं नाही. होडी त्या दिवशी रस्त्याकडेला एका घराच्या आवारात ठेवली, त्या माणसांचे उपकार आहेत. बेअरिंग मिळेपर्यंत दोन दिवस गेले.

बॉल बसवल्यावर पहिल्या दिवशी वाटलं मागे ट्रॉली आहे की सुटली, आरशात बघत होतो सारखा. रिकामी ट्रॉली खड्ड्यात थोडी वाजते, नाही असं नाही, पण आता चाकाचा आवाज बदलला की दोन किलोमीटरमध्ये कळतं. मागच्या पावसाळ्याआधी असंच उजवं बेअरिंग वेळेत पकडलं. माझ्यासाठी विषय तिथेच संपला. शिवाय ट्रॉलीचं एक चाक खड्ड्यात गेलं तर बॉलवर ती हवी तशी कलंडते, पिनमध्ये तो पीळ ड्रॉबारवर, म्हणजे ट्रॉलीच्या पुढच्या दांड्यावर, येतो, माझ्या जुन्या ड्रॉबारला वेल्डिंगपाशी दोनदा तडा गेला होता.

बॉलचा त्रास म्हणजे वाळू. ग्रीस लावलं की वाळू चिकटते आणि कपलरच्या आत पॉलिश पेपरसारखी घासते, म्हणून मी प्रत्येक वेळी फडक्याने पुसतो आणि ट्रॉली नसताना बॉलवर जुना टेनिस बॉल कापून चढवतो. कपलरची स्प्रिंगही गंजते, महिन्यातून एकदा तेल द्या. आणि घेताना आकडा वाचा, बॉलवर आणि कपलरवर दोन्हीकडे कोरलेला असतो. ५० मिमी आणि २ इंच एकच असं दुकानदार सांगेल पण २ इंच म्हणजे ५०.८ मिमी. २ इंचाचा कपलर ५० च्या बॉलवर ढिला बसतो, म्हणजे परत तीच खडखड आणि उडी मारून निघायची भीती, उलट केलं तर कपलर नीट बसतच नाही.

बाकी सामान काहीही घ्या, गाडी आणि ट्रॉली यांच्यातल्या साखळ्या मात्र दोन, आणि ड्रॉबारखालून फुलीसारख्या, म्हणजे कपलर सुटला तरी ड्रॉबार रस्त्यावर न आपटता साखळ्यांवर झेलला जातो. होडी ट्रॉलीवर ओढून घ्यायच्या विंचला तारेऐवजी पट्टा लावा, गंजलेल्या तारेचे काटे हाताला लागतात. लाइटचा ७ पिनचा प्लग पाण्यात उतरायच्या आधी काढा, नाहीतर आतून हिरवा पडतो. आणि लांबून आलात तर लगेच पाण्यात रिव्हर्स मारू नका, १५-२० मिनिटं थांबा, कारण तापलेला हब एकदम थंड झाला की खारं पाणी आत ओढून घेतो. माझं पहिलं बेअरिंग बहुतेक असंच गेलं.

इंजिन मागे असल्याने शेपूट जड होतं तेही बघा. पुढे ड्रॉबारखाली बाथरूमचा वजनकाटा ठेवून मोजलं तर माझ्याकडे जेमतेम १२ किलो होतं आणि ताशी ६० च्या पुढे गाडी मागून हलायची. अँकर आणि पेट्रोलचा कॅन पुढे सरकवून ३५ पर्यंत आणलं, हलणं थांबलं. यात पिन की बॉल याने काही फरक पडत नाही.

ट्रॉलीचं आरटीओ रजिस्ट्रेशन वेगळं असतं आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रॉलीच्या मागे लागतो, ते आधी करून घ्या.

रस्त्यावर न जाता फक्त घर ते किनारा एवढंच ओढायचं असेल, तेही ट्रॅक्टरने, तर पिन पुरे, उगाच खर्च नको. माझा जुना ड्रॉबार शेजाऱ्याने नेलाय, तो ट्रॅक्टरला लावून जाळी ओढतो आणि खूश आहे. पण गाडीने फेरी चढून-उतरून, चढ-उताराने न्यायची असेल तर मी बॉलच घेईन, ५० मिमी, आणि सोबत बेअरिंगचा एक जोड सीटखाली ठेवीन.